आमची वाटचाल : धार लावता लावता संगिनी वाचायला लागलो

आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘चाकू-कात्र्यांना धार’ एवढंच लिहिलंय. जर्मनीतल्या झोलिंगेनमध्ये अशी पाटी लावणं हे जरा धाडसच. पाती घडवण्यात या गावाची कित्येक पिढ्या गेल्यात, आणि २०१२पासून ‘पात्यांचं शहर’ हे बिरुद गावाच्या नावाला अधिकृतपणे जोडलेलं आहे. मी मूळचा इचलकरंजीचा. इथल्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर बायकोला बरोबर घेऊन दुकान टाकलं. धार लावून भाडं निघायचं. बाकीचं पोट भरलं ते जुन्या लष्करी संगिनी, म्हणजे बंदुकीच्या टोकाला लावायचे सुरे, ओळखून देण्याच्या कामावर.

हे काम गिऱ्हाइकांनीच आणून दिलं. आजोबांचं घर रिकामं करताना माळ्यावर संगीन सापडते आणि लोक ती धार लावायला घेऊन येतात. धार लावली की संग्राहकाच्या दृष्टीने तिची किंमत उतरते, हे त्यांना माहीत नसतं. बायकोने पहिल्याच महिन्यात नियम घातला : अक्षरं वाचल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही. पॉलिश कागद तर टेबलावरसुद्धा ठेवायचा नाही.

सगळ्यात जास्त येते ती पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याची, ९८/०५ नमुन्याची. पातं साधारण ३७ सेंटीमीटर, टोकाकडे रुंद होत जाणारं. म्हणूनच तिला ‘खाटकाचा सुरा’ हे नाव पडलं. लोक आधी मूठ बघतात, आम्ही पात्याची पाठ. तिथे मुकुट, त्याखाली राजाच्या नावाचं आद्याक्षर आणि त्याखाली दोन आकडे असतात. डब्ल्यू आणि १५ असेल तर बहुधा प्रशियाच्या विल्हेल्मच्या सैन्याने १९१५ साली स्वीकारलेली. एल असेल तर बव्हेरियाचा लुडविग, एफ-ए असेल तर सॅक्सनीचा फ्रीडरिश आउगुस्ट. जर्मन साम्राज्य एक असलं तरी त्यातल्या अशा चार राज्यांचं आपापलं सैन्य होतं, त्यामुळे शिक्केही वेगळे. गंमत अशी की तेव्हा चौथ्या राज्याचा, वुर्टेंबर्गचा, राजाही विल्हेल्म दुसराच होता. नुसतं डब्ल्यू पाहून प्रशियाचं नाव घेणाऱ्यांना आम्ही थांबवतो आणि भिंग हातात देतो.

मुठीलगत पात्यावर कारखान्याचं नाव असतं. झोलिंगेनचीच नावं असतील असं नाही. श्वाइनफुर्टचं फिश्टेल अँड साक्स हे नाव दिसलं की सायकलवाली मंडळी खूश होतात. सायकलचे हब बनवणारी ही कंपनी पहिल्या महायुद्धात संगिनी बनवत होती. झूल गावच्या सिम्सनचं नाव आलं की गोष्ट लांबते. तो एका ज्यू कुटुंबाचा कारखाना होता, १९३०च्या दशकात नाझींनी तो हिसकावून घेतला. काही वारसांना अहवालात एवढा इतिहास नको असतो. आम्ही तो लिहितोच.

मुठीखालच्या आडव्या पट्टीवर पलटणीचा शिक्का असला तर आमची दुपार चांगली जाते. ‘२९.आर.२.५५’ म्हणजे २९वी पायदळ रेजिमेंट, दुसरी कंपनी, हत्यार क्रमांक ५५.

वाद होतो तो पाठीवर करवतीचे दाते असलेल्या संगिनीवरून. शत्रूला यातना द्यायला ते दाते केले, असा समज अजून आहे. खरं तर बांधकामाच्या तुकड्यांना लाकूड कापायला ते होते. पण दोस्त राष्ट्रांच्या प्रचाराने त्यांना इतकं बदनाम केलं की युद्धाच्या अखेरीकडे अनेक संगिनींचे दाते घासून काढले गेले. घासलेल्या दात्यांच्या खुणा अंगठ्याला लागतात.

हिटलरच्या काळातल्या ८४/९८ नमुन्याच्या संगिनी वाचायला वेगळ्या. आधी ‘एस’ आणि आकडा ही कारखान्याची खूण, जोडीला सालाचं अक्षर : के म्हणजे १९३४, जी म्हणजे १९३५. पुढे कारखान्यासाठी तीन अक्षरांची खूण आली : सी-ओ-एफ म्हणजे आइकहॉर्न, सी-व्ही-एल म्हणजे वायर्सबेर्ग-किर्शबाउम. पात्यावरचा आणि म्यानावरचा क्रमांक जुळला तर किंमत वाढते. शिक्क्यातल्या गरुडाखालचं स्वस्तिक सर्रास दाखवायला इथला कायदा मनाई करतो, इतिहास-संशोधनाला सूट आहे. तरीही आम्ही फोटोत ते झाकतो.

निराशा होते ती चकचकीत निकेलच्या संगिनीने. ती सैनिकाने परेडसाठी स्वतःच्या पैशाने घेतलेली असते. ना राजाचा शिक्का, ना क्रमांक. वाचनाची फी मात्र तीच, उत्तर काहीही निघो. आम्ही स्वतः संगिनी विकत घेत नाही आणि विकतही नाही. त्यामुळे आमच्या उत्तरात आमचा स्वार्थ नसतो, हे गिऱ्हाइकाला पटतं. दोघांत मिळून एवढी एकच जाहिरात आम्हाला जमली.

पुण्या-मुंबईहूनही विचारणा येतात, ‘एखादी पाठवाल का?’ भारताच्या शस्त्र नियमांत संगिनीचं नाव स्पष्ट घेतलेलं आहे. परवान्याशिवाय ती मागवणं म्हणजे कस्टममध्ये अडकणं. आम्ही फोटोवरून वाचून देतो, वस्तू पाठवत नाही. फोटो मात्र नीट काढा. बहुतेक जण पूर्ण संगिनीचा एकच फोटो पाठवतात. आम्हाला पात्याची पाठ, मुठीलगतच्या दोन्ही बाजू आणि आडवी पट्टी एवढे जवळून घेतलेले फोटो हवेत. फ्लॅश न वापरता, खिडकीच्या तिरक्या उजेडात.