आमची वाटचाल: 'गाडीला काही झालेलं नाही' हे सांगायचे पैसे

पुण्यात धायरीला आमचं मल्टिब्रँड गॅरेज आहे, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेतो, दोन लिफ्ट, चार पोरं, मी आणि माझा मेहुणा. 2013 ला सुरू केलं. मी औंध आयटीआयचा, मोटर मेकॅनिक ट्रेड, आणि मेहुणा त्याआधी एका मोठ्या डीलरच्या वर्कशॉपमधे सर्व्हिस ॲडव्हायझर होता, म्हणजे तुम्ही गाडी सोडायला गेलात की पॅड घेऊन गाडीभोवती फिरतो तो माणूस. तिथं दर महिन्याला टारगेट असायचं, एका जॉब कार्डमागं, म्हणजे कामाला आलेल्या एका गाडीमागं, सरासरी बिल किती झालं, डीकार्बोनायझिंग (इंजिनातली काजळी साफ करणं) किती विकलं, एसी डिसइन्फेक्टंट किती, अंडरबॉडी कोटिंग किती, आणि इन्सेंटिव्ह सगळा त्याच्यावर. पगार बेताचा, घर इन्सेंटिव्हवर चालायचं. त्यामुळं कुणी सरसकट 'ॲडव्हायझर चोर असतात' म्हणलं की मला पटत नाही, अशी पगाराची पद्धत ठेवल्यावर देवमाणूस पण एस्टिमेटमधे दोन ओळी जास्तच लिहिणार.

छोट्या गॅरेजचं गणित वेगळं पण शेवट तोच. लेबर सांगितलं की गिऱ्हाईक घासाघीस करतं, पार्टवर मात्र छापील किंमत असते म्हणून ती गपगुमान देतो. आणि नाना पेठेतल्या स्पेअरच्या बाजारात त्याच पार्टवर गॅरेजवाल्याला डिस्काउंट सुटतो. म्हणजे डोकं लावून अर्ध्या तासात फॉल्ट शोधणाऱ्याला काही नाही, आणि दिसेल ते बदलणाऱ्याला मार्जिन. अख्खा धंदा याच्यावर उभा आहे, मिस्त्री लबाड असो नाहीतर सरळ.

आम्ही दोघांनी ठरवलं की पोरांना फिक्स पगार द्यायचा, बिलावर एक रुपया नाही, बोनस द्यायचा तो एकाच गोष्टीवर, तीच कंप्लेंट घेऊन गाडी परत आली नाही तर. आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवायचा, त्याला नको असला तरी एकदा बघू दे. (बॅटरी एक्स्चेंजमधे जाते आणि वॉरंटीतला पार्ट कंपनी ठेवून घेते, हे दोन सोडून.) आणि एस्टिमेट तीन रकान्यात, आत्ता करा, पुढच्या सर्व्हिसला बघू, आणि राहू दे. प्रत्येकासमोर माप. नुसतं 'ब्रेक गेलेत' लिहायचं नाही, नवीन पॅड साधारण 10-12 एमएम असतं, 3 वर आलं की बदलायचं, तुमचं 6 आहे, असं लिहायचं आणि व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावून दाखवायचं.

सगळ्यात जास्त लुबाडणूक कशात होत असेल तर खटखट आवाजात. आवाज येतो हे गिऱ्हाइकाला कळतं पण कुठून ते कळत नाही, आणि पुण्याचे रस्ते, त्यामुळं असं गिऱ्हाईक रोज येतंच. वडगावचे एक रिटायर्ड काका छोटी हॅचबॅक घेऊन आले होते, हातात एस्टिमेट, पुढचे दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म आणि वर स्टिअरिंग रॅक, चाळीस हजाराच्या पुढं. काका म्हणाले, "अहो गाडीच आता किती राहिलीये किमतीची." आम्ही काय केलं, स्टॅबिलायझरचे (वळणावर गाडी कलू नये म्हणून असतो त्या दांड्याचे) लिंक रॉड दोन्हीकडून सोडले आणि काकांना शेजारी बसवून गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून हळू फिरवली. आवाज गायब. लिंक रॉडची नवीन जोडी टाकली, लेबर धरून दोन हजाराच्या आत बिल. ही ट्रिक काय सीक्रेट नाही, कुठल्याही जुन्या मिस्त्रीला माहिती असते, फक्त ती करायला वेळ जातो आणि त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही.

असंच एसीच्या गॅसचं. मार्च लागला की 'गॅस भरून घ्या' सुरू. सिस्टीम बंद असते हो, गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झाला तर कुठंतरी लीक आहे, ते न शोधता भरला तर पुढच्या वर्षी परत भरायचा. निम्म्या गाड्यांचं कूलिंग कमी झालेलं असतं ते केबिन फिल्टरमधे धूळ आणि कंडेन्सरवर (एसीची पुढची जाळी) चिखल म्हणून. आणि एकदा तर 1248 सीसीच्या 1.3 डिझेलला टायमिंग बेल्ट किटचं एस्टिमेट आलं, त्या इंजिनाला बेल्ट नसतोच, चेन असते. मेहुण्यानं ते एस्टिमेट बरेच दिवस काउंटरच्या काचेखाली ठेवलं होतं.

उलटं पण आहे बरं का. आता लोकं सावध झालेत पण इतके की खरं काम पण फसवणूक वाटते. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदलायचं म्हणलं की 'चांगलं तर दिसतंय' म्हणतात. ते हवेतलं पाणी शोषतं, सिंहगड उतरताना सारखं ब्रेकवर पाय ठेवला की गरम होऊन उकळतं आणि पेडल खाली जातं, बाटलीत बघून हे नाही कळत. डिझेलचं इंजिन ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरतात, ते तर बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, काजळीमुळं, त्यात काही नाही. म्हणजे जिथं घाबरायला नको तिथं घाबरतात आणि जिथं पाहिजे तिथं नाही.

तर मूळ मुद्दा पैशाचा. चेकिंग फुकट ठेवलं असतं तर महिन्याचं भाडं निघालं नसतं, म्हणून आम्ही पहिल्यापासून चेकिंगचे 500 रुपये लावले, काही निघो न निघो. याच्यावर जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावर नाही. आठ हजाराचं बिल हसत देणारा माणूस 'गाडीला काही झालेलं नाही, घेऊन जा' म्हणल्यावर पाचशे द्यायला कुरकुरतो. "काहीच केलं नाही तर पैसे कसले?" अहो तासभर लिफ्टवर होती की गाडी. पहिली दोन-तीन वर्षं खरंच ओढाताणीची गेली. एका कंपनीच्या गाड्यांचं काम मिळत होतं, पण ड्रायव्हरपासून ॲडमिनपर्यंत प्रत्येकाला बिलात कट पाहिजे होता, म्हणजे ते आम्हीच परत खोट्या कामातून काढायचं, नाही म्हणलं, काम गेलं.

धंदा सावरला तो सेकंडहँड गाड्यांनी, हे आमच्या डोक्यात पण नव्हतं. एक हिंजवडीचा आयटीवाला मुलगा म्हणाला, दादा मी गाडी घेतोय, तुम्ही ती घेण्याआधी बघून सांगाल का. तिथं 'काही झालेलं नाही' या वाक्याला किंमत आहे! रंगाची जाडी मोजायचं मीटर घेतलं, गाडीच्या कॉम्प्युटरमधलं वाचणारा स्कॅनर चांगला घेतला, ओडोमीटर चाळीस हजार किलोमीटर दाखवतोय आणि पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, असली लबाडी पकडायला पोरं शिकली. आता महिन्यात निम्मं चेकिंग त्याचंच असतं, आणि हीच लोकं मग सर्व्हिसला येतात. लॉकडाऊनमधे उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या तेव्हा पण तसंच, जिथं तिथं बॅटरी बदला सांगत होते, आम्ही रात्रभर स्लो चार्जिंगला लावायचो, मग लोड टेस्ट (लोड देऊन बॅटरी तग धरते का बघायचं), बऱ्याच जगल्या.

डीलरकडे सर्व्हिसला जाणारी लोकं अजून घाबरतात की बाहेर दाखवली तर वॉरंटी जाईल. 2014 ला सीसीआयनं (कंपन्यांमधल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारा सरकारी आयोग) 14 कार कंपन्यांना मिळून 2544 कोटींचा दंड लावला होता, स्पेअर आणि डायग्नोस्टिक टूल बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत म्हणून, आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका हे पण त्याच ऑर्डरमधे होतं. प्रकरण पुढं अपिलात गेलं, पण नुसतं दुसरं मत घ्यायला गाडी आणली तर काय बिघडतंय.

सध्या डोक्याला ताप बीएस6 डिझेलचा, म्हणजे नव्या प्रदूषण नियमातल्या गाड्यांचा. शाळा-मंडई-घर एवढीच फिरणारी गाडी, डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) दिवा लागतो आणि लाखाच्या वरचं एस्टिमेट येतं. काजळी किती साठलीये ते स्कॅनरवर आधी बघतो, साताऱ्याच्या बाजूला हायवेवर एका स्पीडला वीस-पंचवीस मिनिटं पळवली की काजळी जळते आणि बऱ्याचदा दिवा जातो, नाही गेला तर स्कॅनरवरून रीजनरेशन, म्हणजे ती मुद्दाम जाळायची, आणि आत राख भरलेली असेल तर मात्र खर्च आहे, तेही तोंडावर सांगतो. याच्यात दोन तास आणि डिझेल जातं, त्यामुळं मेहुणा म्हणतोय डीपीएफचं चेकिंग वेगळं, 1200 लावू. मी 800 वर अडलोय. दिवाळीनंतर दराचा बोर्ड बदलायचाय, तोवर ठरेल.