नको, ब्याड आणि एकवीस पानं

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, एका पेढीवर मी काउंटरला बसते, त्याला आता चौदा वर्षं झाली. दिवाळीच्या आधी मालकांनी एक काम अंगावर टाकलं. "ताई, साजाची माहिती इंग्रजीत करून द्या. बाहेरगावचं गिऱ्हाईक वाढलंय, डबीत घालायला एक कार्ड छापू." मराठी मजकूर माझाच होता. कोल्हापुरी साजाला एकवीस पानं, त्यात दहा दशावतारांची, आठ अष्टमंगळाची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरलं. मोबाईलमध्ये टाकला, बटण दाबलं. साजाला 'ट्वेंटी वन पेजेस' असतात असं उत्तर आलं.

मालकांना दाखवलं. ते म्हणाले, "असू दे की, पोथी वाटंल."

मग 'लीव्ह्ज' करून बघितलं, तर गळ्यात पाला घातल्यासारखं झालं. 'पेंडंट' बरं होतं, पण ते तर कुठल्याही साखळीला असतं. विड्याचं पान, जेवणाचं पान, वहीचं पान आणि साजाचं पान एकाच शब्दात मांडी घालून बसलेत, आणि चौदा वर्षं रोज तो शब्द तोंडात असून माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. इंग्रजीने एकेकाला उठवून वेगळं बसवलं तेव्हा दिसलं.

इंग्रजीशी माझं तसंही कधी जमलं नाही. आमचे आजोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकले. मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. आमच्या शाळेतही तीच तऱ्हा होती. त्या जोरावर मला रजेचा अर्ज आजही बिनचूक लिहिता येतो, पण समोर परदेशी माणूस उभा राहिला की 'बसा' म्हणायलासुद्धा घाम फुटतो. त्यामुळे पुण्यात जर्मन शिकणारी माझी लेक जेव्हा म्हणाली, "आई, क्लासमध्ये मराठीला बंदीच आहे, मनातल्या मनात भाषांतर केलं की भाषा येत नाही म्हणतात," तेव्हा मी मान हलवली होती.

मग मी कानडी शिकायला घेतलं आणि मान हलवायची थांबले.

कारण फार थोर नव्हतं. आमच्याकडं निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडचं गिऱ्हाईक पुष्कळ. निपाणी इथून चाळीस किलोमीटरच. सगळ्यांना मराठी कळतं, पण घडणावळीचा आकडा सांगितला की मावश्या एकमेकींकडं बघून कानडीत सुरू होतात. त्या काय बोलतात ते मला ऐकायचं होतं. एस्टिमेटच्या जुन्या पॅडाच्या पाठकोऱ्या बाजूला डावीकडं मराठी, उजवीकडं देवनागरीतच कानडी, असं लिहीत गेले. म्हणजे पुन्हा भाषांतर पाठमालाच.

आणि ती पळायला लागली. 'मला पाहिजे' म्हणजे 'ननग बेकु'. 'नको' म्हणजे 'ब्याड'. इंग्रजीत ज्या 'नको'साठी मी शाळेपासून अडले, तो इथं एका शब्दात हजर, आणि 'नाही'साठी वेगळा 'इल्ला', अगदी आपल्यासारखं. 'मला कानडी येतं' म्हणताना भाषा त्यांच्याकडंही 'येते'च: 'ननग कन्नड बरतैती'. निघताना आपण 'जाऊन येतो' म्हणतो, त्या 'होगि बर्तेन्री' म्हणतात. गेलेला माणूस परत येणार हे दोन्हीकडं धरूनच चाललेलं. आपण चहाबिहा घेतो, त्या चहागिहा घेतात. फरक 'बि' आणि 'गि' एवढाच.

मला वाटलं हे माझंच डोकं. शिवाजी विद्यापीठात शिकवणाऱ्या एक बाई ठुशी दुरुस्तीला आल्या होत्या, त्यांनी ते खाली उतरवलं. म्हणाल्या, कन्नड द्राविडी कुळातली, मराठी आर्य कुळातली, रक्ताचं नातं नाही; पण शेकडो वर्षांचा शेजार आहे. गम्पर्झ आणि विल्सन या दोघा अभ्यासकांचा 1971 चा निबंध आहे, सांगली जिल्ह्यातल्या सीमेजवळच्या एका गावावर. त्यात गावाचं नाव कुपवार असं दिलंय. तिथं कुणाच्या घरात कन्नड, कुणाच्या मराठी, कुणाच्या उर्दू. पण पिढ्यानपिढ्या एकत्र राहून वाक्यांची बांधणी इतकी एक झालेली की शब्दाच्या जागी शब्द ठेवत गेलं तरी भाषांतर होतं. ठुशीचं बिल करताना मी दोनदा आकडा चुकले.

पण मग अडलंच. तेही कुठं, तर धंद्यात.

काउंटरवर बसणाऱ्या माणसाकडं एक हत्यार असतं, 'आपण'. "आम्ही मोडीला घट लावतो", म्हणजे मोडीत घातलेल्या जुन्या दागिन्यातून थोडं वजा करतो, असं म्हटलं की गिऱ्हाईकाच्या कपाळाला आठी. "आपण असं करू, मोड घालू आणि वरचे तेवढे बघू" म्हटलं की ते काउंटर ओलांडून माझ्या बाजूला आल्यासारखं होतं. सोनं तेच, घट तीच. मी हे वाक्य मोठ्या हौसेनं एका चिकोडीच्या मावशींना कानडीत ऐकवलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही करा की. आम्ही कशाला?" कानडीत 'आम्ही'ही 'नावू' आणि 'आपण'ही 'नावू'. त्यांना वाटलं, दुकानवाले आपापसात काहीतरी करणार आहेत. मग त्यांनीच शिकवलं, "नीवू नावू कूडी म्हणा." तुम्ही-आम्ही मिळून. आता तसं म्हणते, पण 'आपण'मध्ये जो गुळचटपणा आहे तो त्यात उतरत नाही. (खरं सांगायचं तर तो गुळचटपणा मराठीत किती आहे, हेही मला त्याच दिवशी कळलं. घरी नवरा "आपण जरा चहा टाकूया का" म्हणतो तेव्हा त्या 'आपण'मध्ये तो स्वतः कधीच नसतो.)

आणखी एक. वर मी 'बसते', 'म्हणते' असं लिहिलंय ते तुमच्यासाठी. बोलताना मी 'बसतो'च म्हणतो. आमच्याकडं आई, आत्या, मावशी सगळ्याच 'मी येतो, मी जेवलो' म्हणतात. लग्नानंतर काही वर्षं पुण्यात होते, तिथं शेजारणीनं इतक्यांदा दुरुस्त केलं की मी बोलण्याआधी मनात वाक्य फिरवायला लागले. मराठीचं मराठीत भाषांतर. कानडीत 'बर्तेन' बाईही म्हणते आणि बाप्याही म्हणतो. आमच्या 'येतो'ला तिकडचंच वारं लागलंय असं काहीजण म्हणतात, आणि मला ते पटतं. चिकोडीच्या मावशींशी बोलताना मला काहीच फिरवावं लागत नाही. पुण्यात फिरवावं लागायचं.

कार्डाचं सांगायचं राहिलं. शेवटी इंग्रजीतही 'पान' तसंच ठेवलं, खाली एका ओळीत समजावलं. मालक म्हणाले, "एवढं बारीक कोण वाचतंय?" त्यांचं बरोबर असेल.

लेकीला परवा फोनवर विचारलं, "तुमच्यात 'नको'ला काय म्हणतात?"

"भाषांतर करायचं नाही सांगितलंय, आई."

"बरं, नको करू. पण काय म्हणतात?"

जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग "सांगतो नंतर" म्हणाली. रात्री साडेअकराला मेसेज आला. कुणी खायला देत असेल तर 'नाइन डांके'. कुणी त्रास देत असेल तर 'लास दास'. दुकानात वस्तू नको असेल तर 'ब्राउख इश निष्ट'. आणि खाली: आजी पानावर बसल्यावर 'नको नको' म्हणत ताट पुढं करते, त्या 'नको'साठी शोधतोय.