घरातल्या सुनेची मातृभाषा

सीमाभागात माणसाला त्याची ओळख फार लवकर विचारली जाते, आणि बहुतेक वेळा ती भाषेच्या रूपातच विचारली जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक राज्यात गेले, तेव्हापासून इथल्या मराठी घरांत ‘आपण कोण’ या प्रश्नाचे उत्तर तयारच असते. मुलाला ते बाराखडीच्या आधी पाठ होते. मी खानापूर तालुक्यातल्या अशाच घरात वाढले आणि लग्नानंतर बेळगाव शहरात आले. आता इतक्या वर्षांनी माझे मत असे झाले आहे की, इथे माणसाला घडवणाऱ्या गोष्टींत भाषेचा क्रमांक आपण सांगतो त्यापेक्षा बराच खाली लागतो, आणि जे वरच्या क्रमांकावर आहे त्याचा उच्चार आपण सहसा करीत नाही.

सोयरीक जुळवताना काय विचारले जाते ते पाहावे. पहिली चौकशी जातीची, मग कुळाची आणि देवकाची, मग जमिनीची किंवा नोकरीची. भाषेचा विषय निघालाच तर ‘पोरगी शिकंल की’ एवढ्यावर तो संपतो. बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, गोकाक या पट्ट्यात एकाच जातीची काही घरे मराठी बोलतात आणि काही कन्नड, त्यामुळे कन्नड घरची मुलगी मराठी घरात येणे किंवा मराठी घरची मुलगी कन्नड घरात जाणे यात कुणाला काही वावगे वाटत नाही. पण शेजारच्या गल्लीतल्या, त्याच मराठी शाळेत शिकलेल्या, परंतु दुसऱ्या जातीच्या मुलाचे नाव मुलीने काढले, तर घरात चार दिवस चूल पेटत नाही. मराठीसाठी निघालेल्या मोर्चात खांद्याला खांदा लावून चालणारी दोन घरे एकमेकांशी सोयरीक करीत नाहीत, आणि हा विरोधाभास आहे असे त्यांतल्या कुणालाही वाटत नाही.

माझ्या सासूबाईंचे माहेर गोकाक तालुक्यातले, घर कन्नड, शाळा कन्नड आणि तीही चौथीपर्यंतच. गृहप्रवेशाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून सासऱ्यांनी अंगठीने त्यांचे नवे नाव लिहिले, आणि सगळ्यांनी ‘वाच, वाच’ म्हणून आग्रह धरला, तेव्हा सासूबाई नुसत्याच मान खाली घालून बसल्या. बायकांना वाटले, पोरगी लाजली. त्यांना देवनागरी वाचताच येत नव्हते. आपल्याला कोणते नाव मिळाले, हे त्यांना रात्री नणंदेकडून कळले. ही हकिकत त्या हसत हसत सांगतात, आणि ऐकणारेही हसतात. मला मात्र ती ऐकताना दर वेळी हसू येतेच असे नाही.

पुढे त्या देवनागरी शिकल्या, पोथी वाचू लागल्या, भजनी मंडळात त्यांचा आवाज पुढे असतो, आणि आज त्यांचे मराठी ऐकून त्यांचे माहेर कुणाला ओळखता येणार नाही. तरीही स्वयंपाकघरातल्या मराठी दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब त्या कन्नड लिपीत लिहितात. गंमत अशी की लिपी कन्नड असली तरी शब्द मराठी असतात: ‘दूध अर्धा लिटर’, ‘आला नाही’, ‘पैसे दिले’. त्या चौकोनात मावतील इतक्या बारीक, गोल अक्षरांतला तो मजकूर घरात त्यांच्याशिवाय मलाच तेवढा वाचता येतो, कारण मला पतसंस्थेच्या काउंटरवर दिवसभर कन्नड अर्ज वाचावे लागतात.

पाडव्याच्या दिवशीही असेच होते. त्याच दिवशी कन्नड घरांत युगादी असते. आमच्या दारात गुढी उभी राहते, ती सासरे उभारतात, आणि ती रस्त्यावरून दिसते. आत सासूबाई कडुलिंबाचा पाला आणि गूळ एकत्र करून सर्वांच्या हातावर ठेवतात, तसे त्यांची आईही ठेवत असे. कडुलिंब मराठी घरांतही खातातच, त्यामुळे त्यांच्या माहेरचा सण आमच्या सणात कोणाच्याही ध्यानात न येता मिसळून गेला. घराची ओळख दारातून ठरते आणि दार पुरुषांच्या ताब्यात असते, एवढेच मला यातून दिसते.

२०११ च्या जनगणनेसाठी आलेल्या बाई आमच्या पडवीत बसून एकेक रकाना भरत होत्या. त्या अर्जात मातृभाषा एकच लिहायची होती, आणि त्याखेरीज येणाऱ्या भाषा जास्तीत जास्त दोन. सासऱ्यांनी घरातल्या सर्वांची उत्तरे एका दमात दिली: मातृभाषा मराठी, सगळ्यांची मराठी. चहा घेऊन बाहेर आलेल्या सासूबाईंनी ते ऐकले आणि कप ठेवून त्या आत गेल्या. जबरदस्ती कोणी केली नव्हती. कुटुंबप्रमुखाने उत्तर द्यावे ही रीत होती आणि त्या रीतीत सासूबाईंची आई बसत नव्हती.

हे सामान्य वाटेल, पण सीमावादात अशाच रकान्यांना वजन आहे. महाराष्ट्राची मागणी खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकांची इच्छा या चार तत्त्वांवर उभी आहे. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्या वर्षी दिलेल्या अहवालात २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला द्यावीत अशी शिफारस केली, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने ती नाकारली आणि २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. भाषिक बहुमत म्हणजे शेवटी असंख्य पडव्यांत दिलेल्या उत्तरांची बेरीज. मराठी भाषकांवर इथे अन्याय झाला, हे माझे मत आजही कायम आहे. कन्नड सक्तीविरुद्ध १९८६ साली झालेल्या आंदोलनातल्या हुतात्म्यांच्या हिंडलग्यातील स्मारकासमोर मीही हात जोडते. पण त्या बेरजेत किती आया अशा मिसळल्या असतील, आणि पलीकडच्या बेरजेत कन्नड घरांत गेलेल्या किती मराठी मुली असतील, हा प्रश्न ना इकडचे पुढारी विचारतात ना तिकडचे.

१ नोव्हेंबरला सासूबाईंचा भाचा राज्योत्सवाच्या मिरवणुकीसाठी गोकाकहून येतो, चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे घेऊन नाचतो. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, दंडाला काळी फीत बांधून काळ्या दिनाच्या सायकल फेरीत जातो. दुपारी दोघेही आमच्याकडेच जेवतात. यावरून कुणी ऐक्याचे गोडवे गाऊ नयेत. दोघे त्या दिवशी एकमेकांशी क्रिकेटशिवाय काहीही बोलत नाहीत, आणि ज्या बाईमुळे ते एका पंगतीला बसतात तिने कोणत्या बाजूला असावे हे तिला कोणीही विचारत नाही. ती वाढत असते.

अपेक्षा पुढच्या पिढीकडेही तशाच चालत आल्या आहेत, फक्त थोड्या बदलून. जावेच्या मुलाला नोकरीसाठी इंग्रजी माध्यमात घातले, तेव्हा कुणी हूं की चूं केले नाही; माझ्या मुलीची वेळ आली तेव्हा मात्र ‘मराठी शाळा टिकली पाहिजे’ याची सर्वांना आठवण झाली. वैशाख शुद्ध द्वितीयेच्या शिवजयंतीनंतर निघणाऱ्या चित्ररथांत तिला नऊवारी नेसवून उभे करतात आणि तिलाही ते आवडते. मराठी शाळेला माझा विरोध नाही, मी स्वतः तिथलीच. भाषा सांभाळण्याची जबाबदारी मुलींनी घ्यायची आणि भाकरी मिळवून देणारी भाषा मुलांनी शिकायची, ही वाटणी मात्र मला मान्य नाही, आणि मुलगी शेवटी चुलत भावाच्याच शाळेत गेली.

आता २०२७ च्या जनगणनेत जातही विचारली जाणार असल्यामुळे घरात त्या विषयावर बरीच चर्चा झाली. जातीच्या उत्तरावर अर्थातच सर्वांचे एकमत होते. मातृभाषेची गोष्ट निघाली तेव्हा मी म्हटले की प्रत्येकाने आपापले सांगावे, आणि सासूबाईंना कन्नड सांगायचे असेल तर मराठी त्यांच्या इतर भाषांत लिहिता येईल. सासूबाई शेंगा सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. सासऱ्यांनी मात्र बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “म्हणजे आपल्यातला एक कमी होणार की.”