तीन सहा दोन पाच सात तीन

त्या मंगळवारी दुपारी पडवीत गिटार घेऊन बसले, तर फोनमधल्या ट्यूनरने परसातल्या बेडकाचा सूर सांगितला. बी. म्हणजे आमच्या पेटीच्या भाषेत पांढरी सात, सातवी पांढरी पट्टी. मी अजून तारेला बोटही लावलं नव्हतं. तेवढ्यात पत्र्यावर सर आली आणि काटा असा काही सैरावैरा धावायला लागला, की मी फोन पालथा घातला आणि चहा टाकायला उठले.

पावसाळ्यात आमच्याकडे सगळंच सुरातून उतरतं. पापड वातड होतात, कपाटाचं दार चौकटीत बसत नाही, मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. शिरोडं हे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झालेलं गाव. हवेतच मीठ, त्यात ऑगस्ट. गिटार म्हणजे शेवटी पातळ लाकडाचा डबा. तो ओल पितो, फुगतो, आणि रात्री नीट लावून ठेवलेल्या तारा सकाळी ज्याच्या त्याच्या मनाने कुठेतरी जाऊन बसलेल्या असतात. माझी तर क्लासिकल, नायलॉनच्या तारांची. नव्या तारा चढवल्या की पहिले काही दिवस त्या नुसत्या ताणतच राहतात. सहावी लावून होईपर्यंत पहिली उतरलेली. आणि तारा मी बदलल्या त्या ऑगस्टमध्ये, गणपती तोंडावर आलेले असताना. शहाणपण!

ही गिटार मामाची. मामा बोटीवर होता. एका खेपेला स्पेनमधल्या कुठल्याशा बंदरातून ती घेऊन आला, दोन महिने वाजवली आणि परत जाताना आमच्या माजघरात ठेवून गेला. जाण्याआधी त्याने आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, ती लावायची कशी ते सांगितलं. आबा भजनातले बुवा. त्यांना ई, ए, डी सांगून उपयोग नव्हता. मामाने एकेक तार छेडली, आबांनी ती पेटीवर शोधली आणि पंचांगाच्या मागच्या पानावर आकडे लिहिले: ३ ६ २ ५ ७ ३. सगळ्या पांढऱ्या, जाड तारेकडून बारीक तारेकडे. ते पान पुढे कितीतरी वर्षं गिटारच्या खोक्यात होतं. घरात फोन बसल्यावर आईने एकदा तो कुणाचा तरी नंबर समजून फिरवूनही पाहिला होता.

मला ते पाढ्यासारखं पाठ होतं. तीन सहा दोन पाच सात तीन. दिवेलागणीनंतर आबा पेटी काढायचे, भाता मारत एक पट्टी दाबून धरायचे आणि मी चावी पिळायची. पेटीचा सूर आणि तारेचा सूर जवळ आले की दोघांच्या मधे एक थरथर ऐकू येते. वंव, वंव, वंव. आणखी जवळ आले की ती मंदावते, लांबते, आणि मग थांबते. ती थांबली की आधी पोटात कळायचं, कानाला नंतर. तरी मी विचारायचेच, "आबा, लागलो?" आबा भाता न थांबवता म्हणायचे, "माका कित्याक विचारतंस? पेटयेक विचार."

एकदा पहिली तार तुटली. नवी आणणार कुठून? मामा तेव्हा कुठल्या समुद्रात होता देव जाणे. धाकट्या काकाने मासे धरायच्या गरीच्या तंगूसाची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची, रिळं काढली, तुटलेल्या तारेचा तुकडा आणि तंगूस चिमटीत धरून जाडी ताडून पाहिली, आणि एक निवडला. पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेरचा असावा. गाठ मात्र त्याने गरीलाच मारतात तशी मारली. आठवडाभर ती तार रोज उतरत राहिली आणि एका संध्याकाळी थांबली. आबा म्हणाले, "आता बांगडो लागता काय बघ." आम्ही पोटभर हसलो. ती गिटार पुढचं वर्षभर तंगूसावर वाजली.

खरं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. गिटारच्या बारीक तीन तारा म्हणजे नायलॉनचा एकेरी धागाच, तंगूसाचा सख्खा भाऊ. त्याआधी तारा असायच्या आतड्याच्या. दुसऱ्या महायुद्धात ते आतडं जखमा शिवायला जाऊ लागलं आणि गिटारवाल्यांचे हाल झाले. मग न्यूयॉर्कमधल्या अल्बर्ट ऑगस्टीन नावाच्या कारागिराने सेगोव्हिया या नामांकित स्पॅनिश गिटारवादकासाठी नायलॉनच्या तारा करून दिल्या. आमच्या काकाला हे कुणी सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग त्यात काय.

तर ट्यूनर. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेले होते तेव्हा वाद्यांच्या दुकानात शिरले. तिथल्या पोराने तीन प्रकार काउंटरवर मांडले. एक पत्त्यांच्या जोडाएवढा, माइकवाला. माइक म्हणजे पुन्हा बेडूक, तो बाजूला केला. दुसरा चिमट्याचा, गिटारच्या डोक्याला लावायचा. हवेतल्या आवाजाशी त्याला देणंघेणं नाही. लाकडाची थरथर आतल्या पिझो चकतीला पोचते तेवढंच त्याला कळतं. शेजारी ढोल बडवा, हा आपला तारेशी बोलतोय. तिसरा स्ट्रोबवाला, चांगला महाग, सेंटच्या दहाव्या भागापर्यंत अचूक. पेटीवरच्या शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचे १०० तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे सेंट. नायलॉनची तार जरा जोरात छेडली तरी क्षणभर चढते आणि मग खाली बसते. तिचा सेंटचा दहावा भाग मोजायचा म्हणजे म्हैस सोनाराच्या काट्यावर चढवायची. पोराला तसं म्हटलं नाही. चिमटा घेतला.

पोराने एक गोष्ट बरी सांगितली. क्लासिकल गिटारच्या डोक्यात दोन लांबट खाचा असतात, त्यामुळे चिमट्याला धरायला जागा कमी. जबडा नीट बसतोय ना ते बघून घ्या, आणि रात्रभर लावून ठेवू नका, रबराचा पॉलिशवर डाग पडतो. रात्रभर सोडाच, सूर लावून झाल्यावर चिमटा तसाच डोक्यावर ठेवून वाजवणारी माणसं मला बघवत नाहीत. नव्या साडीची किमतीची चिठ्ठी न काढता कुणी लग्नाला यावं तसं वाटतं.

घरी येऊन लावला. जाड तीनला तो जरा अडखळला. ८२ हर्ट्झचा खर्ज त्याला चटकन उमगेना. अंगठ्याच्या मऊ भागाने, बाराव्या पडद्यापाशी, हलकेच छेडली तेव्हा कुठे काटा स्थिर झाला. सहाही तारांना हिरवा दिवा लागला. मी ई मेजर धरला, म्हणजे ईला षड्ज मानून एकदम छेडायचे सूर, आणि तोंड वाकडं झालं. गंधार चढा. तिसऱ्या तारेवर, पहिल्याच पडद्यावर, १४ सेंट चढा, आणि यंत्राच्या हिशेबाने तो तसाच हवा. कारण यंत्र सप्तकाचे १२ सारखे तुकडे करतं आणि तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार त्या मापात बसत नाही. कानाने ई मेजर गोड करून घ्यावा तर सी मेजर रुसतो. पेटीचंही तेच दुखणं. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं, त्यामागच्या तक्रारींत ही एक होतीच. आबांसमोर मात्र हा विषय काढायची सोय नव्हती.

चिमट्याचा खरा उपयोग मला दुसऱ्या दिवशी कळला. तो कशालाही लावता येतो. झोपाळ्याच्या कडीला लावला: पांढरी सहाच्या जरा खाली, आणि मी मधे बसले की आणखी खाली; त्याचा अर्थ मी लावला नाही. मग फ्रिजशेजारच्या स्टॅबिलायझरला लावला. पांढरी पाच, ३५ सेंट चढी. हलेना. अर्ध्या तासाने पुन्हा लावला, तरी तेच. वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, आतलं लोखंड त्याच्या दुप्पट थरथरतं, १००. गिटारची पांढरी पाच ९८ला असते, म्हणून हा थोडा वर. मग लक्षात आलं, की पुण्यातल्या वहिनीचा स्टॅबिलायझरही याच सुरात गुणगुणत असणार आणि कोचीतला कुणाचाही. २०१३ सालच्या शेवटच्या दिवशी रायचूर-सोलापूरची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेची वीजही बाकीच्या देशाशी जुळली. तेव्हापासून सगळ्यांचा एकच षड्ज. आमच्या वाडीतल्या दोन भजनी मंडळांना पट्टी काळी एक की काळी दोन हे चाळीस वर्षांत ठरवता आलेलं नाही.

आणि मग, नको नको म्हणत, पेटी काढली.

आबा गेल्यानंतर ती गणपतीतच उघडते. आरतीला भाऊ वाजवतो. सूर मिळवणारा घरी आला होता तो आबा असतानाच. ब्लेडच्या टोकाने पितळी सूर खरवडत बसायचा: टोकाशी खरवडला की चढतो, मुळाशी खरवडला की उतरतो. त्यानंतर त्या सुरांना फक्त आमच्या हवेने हात लावलाय. टोकावर हिरवट कीट चढतं, सूर जड होतो, उतरतो. मी चिमटा पेटीच्या फळीला लावला आणि तीन सहा दोन पाच सात तीन दाबत गेले. तीन १७ सेंट उतरलेली. सहा २०. दोन २२. पाचला काटा नुसता डोलत राहिला. एकटी सात सहा सेंट चढी. तिचं काय झालं होतं कळत नाही.

एकाही पट्टीला हिरवा दिवा लागला नाही. मी पट्टी दाबून धरली होती आणि डावा हात भात्यावर होता, आबांचा असायचा तसा. तो दिवा बघत मी बराच वेळ भाता मारत राहिले.

ट्यूनरला एक बारीक बटण असतं. सगळं जग ज्या ४४०वर चालतं, म्हणजे मधली पांढरी सहा सेकंदाला जितक्या वेळा थरथरते तो आकडा, १९३९ साली लंडनच्या बैठकीत ठरलेल्या, तो आकडा त्याने खालीवर करता येतो. मी दाबत ४३५वर आणला. पेटीची सहा हिरवी झाली. फ्रान्सने १८५९ साली सरकारी हुकमाने हाच आकडा ठरवला होता. आमची पेटी तिथे गंजत गंजत पोचली. मग गिटार त्यावर लावली, चिमटा काढून ठेवला आणि पेटीची सहा दाबून पाचवी तार छेडली. वंव, वंव. चावी किंचित. थांबलं. बाकीच्या तारांना थोडी थरथर राहिली ती राहू दिली.

परवा भाची आली पुण्याहून. गिटार घेतली, फोनवर कुठलंसं गाणं लावून त्याच्याबरोबर वाजवायला बसली. दोन मिनिटांत थांबली. चिमटा लावून सहाही तारा तपासल्या, सगळीकडे हिरवा दिवा. पुन्हा गाणं लावलं, पुन्हा थांबली.

"आत्या, हा ट्यूनर बिघडलाय तुझा."

"असेल," म्हटलं, आणि नारळ खवायला बसले.