जर्दाळू नव्हता

"या एस्प्रेसोत तुम्हाला आधी जर्दाळू जाणवेल, मग संत्र्याच्या सालीचा सुगंध, आणि शेवटी मधासारखा गोडवा."

हे वाक्य मी चार महिने म्हणत होते. भांडी घासताना, बसमध्ये, आरशासमोर. पहिल्या बरिस्ता स्पर्धेत, म्हणजे कॉफी बनवणाऱ्यांच्या स्पर्धेत, स्टेजवर उभी राहिले तेव्हा एकही शब्द न अडखळता म्हटलं. चारही जजेसनी चमचा फिरवला, घोट घेतला, मान खाली घालून लिहायला लागले. कपात जर्दाळू नव्हता. आणि हे मला त्यांच्या आधी माहीत होतं.

कधीतरी हे लिहायचं होतंच. स्पर्धेत उतरणार म्हणून मुलं-मुली मला मेसेज करतात तेव्हा विचारतात की ग्राइंडर कोणता घेऊ, बिया कुठून आणू, दुधाचं काय करू. सगळे बरोबर प्रश्न आहेत. पण मला सांगायचंय ते त्या वाक्याबद्दल.

आधी थोडक्यात खेळ सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की दुधावर सुंदर पान किंवा हंस काढायची ही स्पर्धा आहे. ती वेगळी, लाटे आर्टची, तिचं स्वतःचं जागतिक अजिंक्यपद आहे. बरिस्ता चॅम्पियनशिपमध्ये तुमच्याकडे १५ मिनिटं असतात आणि समोर चार सेन्सरी जज, म्हणजे चव-वास तपासणारे. प्रत्येकाला एक एस्प्रेसो (मशीनच्या दाबाने काढलेली छोटी, कडक कॉफी), एक दुधाचं पेय आणि एक सिग्नेचर ड्रिंक, म्हणजे एकूण १२ पेयं. सिग्नेचर ड्रिंक तुमच्या कल्पनेचं, फक्त त्यात मद्य चालत नाही आणि एस्प्रेसोची चव दबता कामा नये. हात वर करून "टाइम" म्हणायचं, घड्याळ सुरू. संपल्यावर पुन्हा हात वर, पुन्हा "टाइम". १५ मिनिटांच्या वर गेलात की प्रत्येक सेकंदाला एक गुण जातो, आणि १६ मिनिटं ओलांडली की बाद. २००० साली मोंटे कार्लोला पहिली जागतिक स्पर्धा झाली, नॉर्वेचे रॉबर्ट थोरेसन जिंकले. तेव्हापासून नियमपुस्तक पुष्कळ बदललंय, पण गाभा तोच: चार माणसं, तीन प्रकारची पेयं, आणि तुम्ही बोलत बोलत काम करायचं.

हे "बोलत बोलत" बाहेरून सोपं दिसतं. हात पोर्टफिल्टर (भुकटी भरायचं दांड्याचं भांडं) पुसतायत, त्यातलं जाळीचं बास्केट कोरडं आहे ना बघतायत, भुकटीचा डोस तोलतायत, ती दाबून टॅम्प करतायत, ग्रुप हेडमधून, म्हणजे मशीनच्या तोंडातून, पाणी सोडतायत, आणि तोंड मात्र शेतकऱ्याबद्दल, प्रोसेसिंगबद्दल, चवीबद्दल शांतपणे सांगतंय. त्यात टेक्निकल जज तुमच्या बाजूने फिरत असतो. तो चव घेत नाही, तो तुमचे हात बघतो. पहिल्या वर्षी ते गृहस्थ माझ्या ग्राइंडरपाशी वाकले आणि खाली सांडलेल्या भुकटीकडे बघत राहिले. तीन-चार सेकंद असतील. माझ्या मानेवर घाम आला. प्रत्येक शॉटच्या (एका वेळी काढलेल्या एस्प्रेसोच्या) आधी पाणी सोडलंत का, वापरल्यावर स्टीम वँड, म्हणजे वाफेची नळी, लगेच पुसली आणि वाफ सोडून परज केली का, दूध किती उरलं, स्टीमचं फडकं आणि काउंटरचं फडकं वेगळं ठेवलंत का, हे सगळं त्याच्या कागदावर उतरतं. मला हा भाग मनापासून आवडतो. स्वच्छ हातांनी काम करणाऱ्या माणसाला तिथे खरोखर मान मिळतो, आणि ती शिस्त परत कामावर आल्यावरही अंगात राहते. मी अजूनही दोन फडकी घडी घालून दोन बाजूंना ठेवते.

आता जर्दाळूची गोष्ट.

कॉफी होती इथिओपियाची, वॉश्ड, म्हणजे फळाचा गर धुऊन काढून मग वाळवलेली. भाजून देणारी ताई. ती नात्याने ताई नाही, पण रोस्टरसमोर उभं राहून बियांचा आवाज ऐकायला तिनेच मला शिकवलं, म्हणून ताई. सरावाच्या बिया भाजून बारा-चौदा दिवस झाले की मी उघडायचे, आणि तेव्हा त्या कॉफीत जर्दाळू इतका स्पष्ट असायचा की पहिल्यांदा कॉफी पिणाऱ्यालाही नाव सुचलं असतं. १९ ग्रॅम डोस, ४० ग्रॅम शॉट, २७-२८ सेकंद. आकडे पाठ, चव पाठ, वाक्य पाठ.

सरावात मी हिशेबापेक्षा जास्त बिया संपवल्या. स्पर्धेसाठी ताईला नवी बॅच भाजावी लागली, आणि स्टेजवर उघडली तेव्हा तिला जेमतेम पाच दिवस झाले होते. भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, तो हळूहळू बाहेर पडतो. ताज्या बियांचा एस्प्रेसो काढला की हा वायू पाण्याची वाट अडवतो, पाणी सगळीकडून सारखं जात नाही, आणि चव टोकदार, थोडी बोचरी होते. त्यात मशीनचं पाणी. पाण्यातले बायकार्बोनेट आंबटपणा मऊ करतात. ते कमी असले की तीच कॉफी जास्त आंबट लागते. तिथलं पाणी माझ्या सरावाच्या पाण्यापेक्षा हलकं होतं. सगळ्यांना तेच पाणी, तेव्हा तक्रारीला जागा नाही. ते ओळखून जुळवून घेणं हे माझं काम होतं.

आणि मी ओळखलं होतं. सकाळच्या सरावाच्या वेळेत पहिलाच घोट घेतला आणि जिभेच्या कडेला ग्रेपफ्रूटच्या पांढऱ्या सालीचा कडवटपणा लागला, मागे काळा चहा. वाईट अजिबात नव्हतं. नीट, सरळ, जरा कडक कॉफी. मी ग्राइंड जाड केला, बारीक केला, शॉट लांबवला. जर्दाळू आला नाही. ताई शेजारी उभी होती. म्हणाली, "अगं, मग चहा म्हण ना. चहा आहे हा."

मी म्हटलं, "ताई, आता शब्द बदलले तर मी सगळंच विसरेन."

ती गप्प बसली. त्या वेळी तिने वाद घालायला हवा होता असं मला नंतर खूपदा वाटलं, पण स्पर्धेच्या सकाळी कुणी कुणाशी वाद घालत नाही.

निकालानंतर जजेसबरोबर बसून स्कोअरशीट समजून घेता येतं. गुण शून्य ते सहा. चवीच्या वर्णनाच्या अचूकतेसमोर माझ्या कागदावर दोन होते, एकाकडे दीड. मी विचारलं, कॉफी आवडली नाही का? त्यातल्या एक बाई माझ्याकडे वळून बसल्या. म्हणाल्या, "कॉफी चांगली होती. पण तुम्ही जर्दाळू म्हणालात आणि आम्ही तो शोधत राहिलो. जे होतं त्याचं तुम्ही नावच घेतलं नाहीत."

लोक समजतात तसं ते "छान" आणि "वाईट" मोजत नाहीत. निदान त्या रकान्यात नाही. तिथे ते तुमचं वाक्य एका हातात आणि कप दुसऱ्या हातात धरून दोन्हीतलं अंतर मोजतात. स्वस्त, साधी कॉफी घेऊन गेलात आणि तिच्याबद्दल नेमकं बोललात तर त्या रकान्यात तुम्ही पुढे. दुर्मिळ कॉफी नेलीत आणि कवितेसारखं काहीतरी बोललात तर मागे. दुर्मिळ कॉफीचे गुण चवीच्या रकान्यात मिळतात, हे खरं, आणि ज्यांच्यामागे मोठं पाठबळ आहे त्यांना ती कॉफी सहज मिळते, हेही खरं. मला ते खुपतं. पण नेमकं बोलायला पाठबळ लागत नाही.

पुढचं वर्ष मी कॉफी शोधण्यात घालवलंच नाही. नाव घेण्यात घालवलं. ताई रोज सकाळी तीन कप ठेवायची, काय आहे ते न सांगता. तीस सेकंदांत मी तीन शब्द सांगायचे, आणि कागदावर ती लिहायची. दुसऱ्या दिवशी तोच कप पुन्हा यायचा, कुठला ते मला माहीत नसायचं. शब्द जुळले तर बरोबर. पहिल्या महिन्यात दहापैकी चार वेळाही जुळायचे नाहीत. मला कळलं की मी चव घेतच नव्हते, मी पाकिटावर छापलेले शब्द आठवत होते. "फ्लोरल" म्हणायची मला सवय होती. कुठलं फूल, विचारलं की गप्प. "आंबट" म्हणायचे, पण लिंबाचा आंबट जिभेच्या टोकावर चमकतो आणि सफरचंदाचा जरा गोल, रेंगाळणारा असतो, हा फरक मी लिंबू आणि हिरवं सफरचंद शेजारी शेजारी चाखून शिकले. एस्प्रेसो निवतो तसा बदलतो, हेही तेव्हा नीट लक्षात आलं. पहिल्या घोटाला जे नाही ते तिसऱ्याला असतं. म्हणून वाक्यात "आधी" आणि "निवल्यावर" हे शब्द खरे असायला हवेत, जज त्याच क्रमाने शोधतात.

त्या वर्षी मी जुने अंतिम सामनेही पुष्कळ बघितले. २०११ ला एल साल्वाडोरचे आलेहांद्रो मेंडेझ जिंकले, कॉफी पिकवणाऱ्या देशातून आलेले पहिले विजेते. २०१५ ला ऑस्ट्रेलियाचे साशा शेस्टिच वाइन बनवण्यातली कार्बोनिक मॅसरेशनची पद्धत (बंद टाकीत कार्बन डायऑक्साइड भरून फळं आंबवायची) कॉफीच्या फळांवर वापरून आले, आणि नंतर ते शब्द सगळीकडे ऐकू यायला लागले. २०१८ ला पोलंडच्या अग्नियेश्का रोयेव्स्का. जागतिक अजिंक्यपद जिंकणारी पहिली बाई, स्पर्धा सुरू झाल्यापासून अठरा वर्षांनी. तिचा फोटो मी लॉकरच्या दाराला आतून चिकटवलाय आणि काढणार नाहीये.

दुधाबद्दल एवढंच. गोठवून घट्ट केलेलं दूध आता खूप जण वापरतात: दूध पूर्ण गोठवायचं, मग हळूहळू वितळू द्यायचं, आधी जे वितळून खाली येतं त्यात साखर आणि बाकीचा ऐवज जास्त, पाणी कमी. चव गोड, भरीव. मीही वापरते. पण पहिल्या वर्षी कुणी त्याच्या नादी लागू नये असं मला ठाम वाटतं. साधं दूध चार पिचरमध्ये चार वेळा सारख्याच तापमानाला, सारख्याच पोताचं काढता येईपर्यंत फ्रीजरला हात लावू नका.

दुसऱ्या वर्षी कॉफी कोलंबियाची होती. बिया मोजून भाजल्या, मोजून ठेवल्या, दिवस लिहून चिकटवले. वाक्य होतं: संत्रं, गूळसर गोडवा, काळा चहा. सरावाच्या वेळेत पहिला शॉट चाखला. गोडवा होता, चहा होता. संत्र्याच्या जागी काहीतरी गडद, सालीसकट खाल्लेल्या फळासारखं. दुसरा शॉट काढला. तेच. मी कप ताईकडे दिला आणि काहीच बोलले नाही. तिने घोट घेतला, माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "आलुबुखार."

पाठांतराच्या कार्डांवर सात ठिकाणी "संत्रं" होतं. स्टेजमागे एका खुर्चीवर बसून सातही ठिकाणी काट मारली. पेन ताईचं होतं, निळं, आणि हात थरथरत असल्यामुळे एका कार्डावर शब्द दोन ओळींत गेला. सिग्नेचर ड्रिंकमध्ये संत्र्याच्या सालीचा पाक होता, त्याचं कारण वाक्यात संत्र्यावर उभं होतं. ते मी असं फिरवलं: कॉफीत आलुबुखार आहे, त्याला वरून उजळ करायला साल. बनवताना चाखलं तर ते आधीच्या कल्पनेपेक्षा जास्त पटलं.

त्या १५ मिनिटांतलं मला फार आठवत नाही. तिसऱ्या शॉटआधी ग्रुप हेडमधून पाणी सोडायला विसरले, हे आठवतं, कारण टेक्निकल जजचं पेन हललेलं दिसलं. "आलुबुखार" म्हणताना घसा कोरडा होता. आणि चार जणांपैकी डावीकडच्याने घोट घेतल्यावर लिहायच्या आधी मान किंचित हलवली. १४ मिनिटं ५१ सेकंदांना हात वर केला.

फायनलला गेले नाही. एस्प्रेसोच्या वर्णनाला चौघांकडून साडेचार ते पाच मिळाले. त्या कागदांकडे मी खूप वेळ बघत बसले होते, तेव्हा ताईने दुधाच्या पेयाचा कागद पुढे सरकवला. तिथे अडीच होते. मी "कॅरमेल" म्हटलं होतं, आणि एका जजने शेजारी लिहिलं होतं: कॅरमेल सापडलं नाही, भाजलेला बदाम.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या बियांचं तेच पेय केलं, त्याच मापाने. पहिल्या घोटाला दुधाचा गोडवा. मग थोडं निवू दिलं. ताई म्हणाली, "काय?" मी अजून एक घोट घेतला.

बदाम होता. सालीसकट भाजलेला.