अनारसे चालतात, आंबा नाही

2018 साली अधिक महिना ज्येष्ठात आला होता, म्हणजे ऐन आंब्याच्या सीझनला, आणि आमची सासुरवाडी राजापूरकडची, त्यामुळे धोंड्याच्या जेवणाला काय असणार हे वेगळं सांगायला नको. पुरणाचे धोंडे, वाण म्हणून 33 अनारसे, वर दिवा, आणि पायरीचा रस. रस वाटीत नव्हता, वाडग्यात होता. वर तुपाची धार, चिमूटभर मिरपूड. एक वाडगा संपवला तर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, एकावर उठायचं नसतं हो" आणि दुसरा ओतला. मी पण काय, नको नको म्हणत हात मात्र वाडग्यावरून काढून घेतला.

परतताना अणुस्कुरा घाटात मेव्हण्याला गाडी तीनदा थांबवायला लावली. पोट असं टम्म की पँटचं बटण उघडून वर शर्ट सोडून बसलो होतो, आणि आतून गुरगुर इतकी की पुढच्या सीटवरून बायकोने मागे वळून बघितलं. मेव्हणा सज्जन माणूस, त्याने आजवर हा विषय काढलेला नाही.

खरं तर हे नवीन नव्हतंच. कित्येक वर्षं "माझं पोट जरा हलकं आहे" म्हणून चाललं होतं. ओवा झाला, हिंगाष्टक झालं, गॅसच्या गोळ्या तर खिशात चिल्लरसारख्या. मग वजन वाढलं म्हणून हेल्दी व्हायचं ठरवलं, सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू, अकराला सफरचंद, संध्याकाळी भज्यांऐवजी कलिंगड, आणि तब्येत जास्तच बिघडली. ऑफिसातले म्हणायचे, तेलकट कमी कर. अरे काय कमी करू, मी फळं खातोय!

शेवटी 2019 मध्ये पोटाच्या डॉक्टरांनी एक टेस्ट करायला लावली. आदल्या दिवशी नुसता साधा भात, सकाळी उपाशीपोटी जायचं, एका नळीत फुंकर मारायची, मग 25 ग्रॅम फ्रुक्टोज (म्हणजे फळांतली, मधातली साखर) विरघळवलेलं ग्लासभर पाणी प्यायचं आणि पुढचे तीन तास दर अर्ध्या तासाने फुंकत बसायचं. सुई नाही, काही नाही. मशीन फुंकरीतला हायड्रोजन मोजतं. आपल्या शरीरातल्या पेशी हायड्रोजन बनवतच नाहीत, तो बनवतात मोठ्या आतड्यातले जंतू, आणि तोही त्यांच्यापर्यंत न पचलेली साखर पोचली तरच. आकडा 20 ने चढला की टेस्ट पॉझिटिव्ह धरतात. माझा 4 वरून दीड तासात 58 वर गेला, आणि तिथल्या ताईंनी आकडा लिहिताना "अगंबाई" म्हटलं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. फ्रुक्टोजला लहान आतड्यातून आत घ्यायला एक वाहक असतो, ग्लूट फाइव्ह नावाचा, त्याची ताकद काही जणांत कमी पडते. सोबत ग्लुकोज असेल तर फ्रुक्टोज त्याचा हात धरून आत शिरतं. साध्या साखरेत दोन्ही निम्मं निम्मं, म्हणून ती बेताने चालते. आंबा, सफरचंद, कलिंगड, पेअर, मध यांत ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त, ते उरलेलं खाली जाऊन आंबतं, आणि मग आपला नगारा वाजतो. (जन्मजात फ्रुक्टोज न सोसणं हा वेगळाच आजार, तो लिव्हरपर्यंत जातो. माझं प्रकरण नुसतं गैरसोयीचं आहे, धोक्याचं नाही.)

म्हणजे अनारसा चालतो आणि आंबा चालत नाही! हे सासूबाईंना सांगितलं तर त्यांना वाटलं जावई थट्टा करतोय. फळाने कधी कोणाचं काही बिघडतं का? तळलेलं नको म्हणा, गोड नको म्हणा, लगेच कौतुक होतं, पण आंबा नको म्हटलं की समोरच्याला त्याची बागच नाकारल्यासारखी वाटते. मग सुरू होतं, "हापूस आहे हो, बाहेरचा नाही", "पाण्यात घातलेला आहे, उष्ण पडणार नाही", "अहो एक फोड."

कांदा-लसणाचं पण वावडं आहे, त्यात फ्रुक्टोजच्या साखळ्या असतात आणि त्या कोणालाच नीट पचत नाहीत, आमच्यासारख्यांना जरा जास्तच बोलतात. लसणावर बायकोने तोडगा काढलाय, पाकळ्या तेलात परतायच्या आणि काढून टाकायच्या, त्या साखळ्या तेलात उतरत नाहीत, वास तेवढा राहतो. कांद्यासाठी चातुर्मास आहेच. ते चार महिने मी सुखी, कोणी कारण विचारत नाही, उलट शेजारच्या काकू मला धार्मिक समजतात. उपास तर फारच सोयीचा, साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, बटाट्याची भाजी, सगळं बिनबोभाट. लग्नाबिग्नाला गेलो की सरळ "आज उपास आहे" ठोकून देतो, आतड्यातला वाहक कुठे समजावत बसणार.

फळंही अगदीच बंद नाहीत. मोसंबी, संत्रं, पपई खातो. आंब्याचा पण हिशोब बसवलाय, उपाशीपोटी नाही, भरपेट वरणभातानंतर दोन छोट्या फोडी, तिसरी घेतली की रात्री उत्तर मिळतं. हा हिशोब बसवायला दोन सीझन गेले.

यंदा 2026 ला परत अधिक ज्येष्ठ आला. आमंत्रण आलं, जाताना बायकोने फोनवर आधीच सगळं बजावून ठेवलं होतं. पानावर बसलो. धोंडे दोनच, अनारशांचा डबा मात्र भरलेला, वाडगा नाही. सगळ्यांचं वाढून झाल्यावर सासूबाई आतून बशी घेऊन आल्या, बशीत एक बाठा, नीट न पिळलेला, पिवळाजर्द.

"मोजून बघितलं," म्हणाल्या, "दोन फोडींपेक्षा कमीच भरेल. चोखा."