लेक बारा वर्षांची झाली आणि आमचा पत्ता कट

इकडे कॅलिफोर्नियात मूल बारा वर्षांचं झालं की हॉस्पिटलच्या अ‍ॅपमध्ये आईबाबांना फारसं काही दिसत नाही. लेकीचा ब्लड रिपोर्ट बघायला गेले तर लसी आणि अ‍ॅलर्जी एवढंच, बाकी सगळं गायब. फोन केला तर तिकडची बाई गोड आवाजात, "मॅम, ते तिचे रेकॉर्ड आहेत." अहो, तिची वेणी अजून मी घालते!

पण कायदाच तसा आहे. बाराव्या वर्षापासून मुलं काउन्सेलिंगसारख्या काही गोष्टींना स्वतः संमती देऊ शकतात, मग त्याची माहितीही त्यांचीच, आणि अ‍ॅपमध्ये ते वेगळं काढत बसण्यापेक्षा हॉस्पिटलवाले बहुतेक सगळंच झाकून टाकतात. पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा १९९६ चा हिपा कायदा देशभर आहेच, पण राज्याचा कायदा जास्त कडक असेल तर तोच चालतो, आणि कॅलिफोर्नियाचा तर १९८१ पासून आहे. हलगर्जीपणाने माहिती फुटली तर पेशंट १००० डॉलरचा दावा लावू शकतो, नुकसान झालं हे सिद्ध न करताही. जुलै २०२२ पासून इन्शुरन्स नवऱ्याच्या नावावर असला तरी बायकोच्या किंवा मुलांच्या काउन्सेलिंगसारख्या नाजूक उपचारांची पत्रं त्याला पाठवता येत नाहीत, ज्याचे उपचार त्यालाच. हे मला फार आवडलं.

एवढी कडकाई उगाच नाही आली. २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए हॉस्पिटलमध्ये स्टाफच नटनट्यांच्या फायली उघडून बघत होता असं निघालं, त्यात राज्याचा तेव्हाचा गव्हर्नर श्वार्झनेगर याच्या बायकोचीही फाइल! त्याच वर्षी त्याने दोन नव्या कायद्यांवर सही केली. आता माहिती फुटली तर हॉस्पिटलला १५ कामकाजाच्या दिवसांत पेशंटला कळवावं लागतं. आपल्याकडे कंपाउंडर भरल्या वेटिंग रूममध्ये "शुगरवाले काका कोण?" म्हणून ओरडतो आणि काका हात वर करतात, कोणाला काही वाटत नाही.

आईबाबा इकडे येणार असतील तर डॉक्टरांकडच्या पहिल्याच व्हिजिटला त्यांच्याकडून तुम्हाला माहिती द्यायच्या परवानगीचा फॉर्म भरून घ्या, नाहीतर नंतर फोनवर तुम्हाला कोणी काही सांगत नाही. आमच्या सासूबाईंनी सही केली खरी, पण फोनवर मराठी दुभाषी मिळतेय म्हटल्यावर मलाच म्हणाल्या, "तू बस गं बाहेर, मला विचारायचंय काहीतरी."